न गाळलेले पाणी

माझ्या नातीचा पाय कापण्याचा दिवस डॉक्टर देवरुखकरांनी मला न विचारता ठरवला, याचा मला आधी राग आला. भीती नंतर आली.

"सोमवारी सकाळी," मिरजेच्या इस्पितळाच्या ओसरीत उभे राहून ते म्हणाले. "गुडघ्याखालून. आणखी थांबलो तर गुडघाही वाचणार नाही."

"आणि औषधे?"

"औषधे दुकानात खूप आहेत, आजी. तिच्या हाडात शिरलेल्या जंतूला मारील असं एकही उरलेलं नाही."

त्या भल्या माणसाचे काही चुकत नव्हते. दोन हजार सत्तेचाळीस सालचा तो उन्हाळा होता. तोवर बहुतेक प्रतिजैविके निकामी झाली होती आणि ज्या जखमा माझ्या लहानपणी आठवड्याभरात भरून येत, त्यांनी माणसे दगावू लागली होती. माझी नात ईशानी उसाच्या शेतांवर ड्रोन उडवून पिकाची पाहणी करते. कामावरून परतताना आमच्या वाघोशी गावच्या पुलावर तिची स्कूटर घसरली आणि ती थेट भैरोबाच्या नाल्यात पडली. नडगीचे हाड कातडी फोडून बाहेर आले. डॉक्टरांनी धातूची पट्टी घालून ते जोडले, पण नाल्यातला जंतू तोवर आत जाऊन बसला होता.

मी खोलीत गेले तेव्हा ती तापाने लाल झाली होती आणि तरीही हसत होती.

"आजी, तोंड असं करू नकोस. चपलांचा खर्च निम्मा होईल."

"वाह्यातपणा बंद कर."

"बरं. मग तू रडणं बंद कर."

"मी रडत नाही."

"मग डोळ्यांना काय झालंय? कुसळ गेलं?"

मी तिच्या कपाळावरची ओल्या फडक्याची घडी बदलली आणि बाहेर येऊन देवरुखकरांना पुन्हा गाठले. सदतीस वर्षे मी कन्याशाळा चालवली आहे. समोरचा माणूस उत्तर देऊन मोकळा झाला आहे की उत्तर शोधून थकला आहे, हे मला चेहऱ्यावरून कळते. हे गृहस्थ थकलेले होते.

"एक वाट होती," ते म्हणाले. "पुण्याला विषाणूंचा संग्रह करणारी संशोधन संस्था आहे. त्यांच्या संकेतस्थळावर मी दोनदा शोध घेतला. काही सापडलं नाही."

"मला तो जंतू द्या."

"काय?"

"जंतूची जी काही नोंद तुमच्या संगणकात असेल, ती द्या. मी शोधते."

ते हसले नाहीत, एवढे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

जिवाणूंनाही रोग होतात, ही गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. जिवाणूंना खाणारे विषाणू असतात. शास्त्रज्ञ त्यांना फेज म्हणतात. माणसाला ते काही करीत नाहीत. आपल्या ठरलेल्या जिवाणूला चिकटायचे, त्याच्या आत शिरायचे, आतून त्याला फोडायचे आणि शेकड्यांनी बाहेर पडून पुढचा शोधायचा, एवढेच त्यांचे आयुष्य. अडचण त्यांच्या खोडीत आहे. एक फेज एकाच जातीच्या, पुष्कळदा एकाच पोटजातीच्या जिवाणूला खातो. ईशानीच्या हाडातला क्लेब्सिएला नावाचा जंतू साखरेचे जाड कवच पांघरून बसतो. अशी कवचे अनेक तऱ्हांची, आणि प्रत्येक तऱ्हेचे कवच फोडणारा फेज वेगळा. म्हणून पुण्याच्या संस्थेने गावोगावच्या सांडपाण्यातून हजारो फेज गोळा केले, ते माणसाला निर्धोक आहेत की नाहीत ते तपासले आणि गोठवून ठेवले. त्यांच्या संकेतस्थळावर जंतूच्या जनुकांची अक्षरमाला भरली की यंत्र त्याचे कवच ओळखते आणि ते फोडू शकणारा फेज संग्रहात आहे का, ते पाहते.

शुक्रवारी दुपारी मी ईशानीच्या खाटेशेजारी तिचा टॅब घेऊन बसले. शब्द घालून शोधावे तर लेखांचा डोंगर पुढे यायचा. जनुके भरून शोधावे तर एकच ओळ यायची: जुळणारा फेज उपलब्ध नाही.

"झालं?" ईशानीने विचारले. "देवरुखकरांना पण हेच आलं होतं."

"त्यांनी विचारलेला प्रश्न मी विचारला, म्हणून त्यांना मिळालेले उत्तर मला मिळाले. आता दुसरा विचारते."

खाणारा सापडत नसेल तर खाद्य कुठे आहे ते पाहावे, असे मी ठरवले. फेज सोडून मी त्या जंतूचेच भाऊबंद शोधायला लावले. नकाशावर ठिपके उमटले: सगळे वारणाकाठचे, आमच्या गावाच्या खालच्या अंगाचे. म्हणजे हा जंतू आमच्याच भागात पिढ्यान् पिढ्या नांदत होता. जिथे चारा इतका, तिथे चरणारा नाही, हे कसे शक्य होते?

मी नकाशावर वाघोशीला बोट लावले. सहा वर्षांपूर्वी संस्थेची माणसे सांडपाण्याचे नमुने घ्यायला घरोघर आली होती. आमच्या बस्ती गल्लीतल्या सगळ्या नमुन्यांपुढे एकच शेरा होता: जिवाणू नगण्य, फेज आढळले नाहीत.

"छान की," ईशानी म्हणाली. "आपलं गाव स्वच्छ."

"तू त्या नाल्यात पडलीस ना? स्वच्छ होता?"

"अजून नाकातून वास गेला नाही."

शाळेत एखाद्या वर्गाच्या सगळ्या उत्तरपत्रिका सारख्या निघाल्या तर मी कधी शाबासकी दिली नाही. दार लावून घेऊन कोणी कोणाचे पाहून लिहिले ते काढत असे. मी गल्लीतल्या सुलोचनेला फोन लावला. ती माझी जुनी विद्यार्थिनी.

"सुलोचना, त्या पुण्याच्या लोकांनी बाटल्या दिल्या होत्या, त्यांत तू काय भरलंस?"

"पाणी, अक्का."

"कुठलं?"

ती जरा घुटमळली. "परसातल्या मोरीचं म्हणाले होते ते. पण अक्का, परगावची शिकलेली माणसं दारात आलेली, त्यांच्या हातात गटाराचं पाणी ठेवायचं? मनाला पटेना. हंड्यातलं दिलं."

"गाळलेलं?"

"मग? गाळलेलं, उकळलेलं. न गाळलेलं पाणी कोणाला द्यावं का आपण?"

"आणि बाकीच्यांनी?"

"सगळ्यांनी तसंच. शेवंताक्कांनी तर वाळा घातला होता वरून."

मी फोन ठेवला. आम्हा जैन घरांत पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावत नाहीत. पाण्यातला सूक्ष्म जीवही दुखावू नये म्हणून गाळण्याचे फडके घरोघर दोरीवर वाळत असते, आणि न गाळलेले पाणी दुसऱ्याच्या हाती देणे हा तर दुहेरी दोष. त्या बायांनी धर्म पाळला होता, पाहुण्यांचा मान राखला होता आणि अख्ख्या गल्लीचे सांडपाणी संस्थेच्या दप्तरी तीर्थासारखे निर्मळ करून ठेवले होते. यंत्राने त्यांच्यावर विश्वास ठेवला.

मग मी त्या पानाच्या अगदी खालच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे बारीक अक्षरात एक चौकोन आधीपासून बरोबरच्या खुणेने भरलेला होता: "फक्त विश्वसनीय नमुने दाखवा." ती खूण देवरुखकरांनी पाहिली नव्हती आणि मीही तोवर पाहिली नव्हती. मी ती काढली आणि पुन्हा शोध घेतला.

एकच नोंद आली, लाल रंगात. वाघोशी, बस्ती गल्लीचे नाल्याकडचे टोक. जंतूचे कवच आणि ते फोडणारी फेजची शेपटी यांचा मेळ जवळपास पूर्ण. फेज वेगळा काढलेला, निर्धोक ठरलेला, गोठवलेला. आणि पुढे: "संशयित. शेजारच्या सर्व नमुन्यांशी विसंगत. वितरणास बंद." शेऱ्यात नमुना घेणाऱ्याने लिहिले होते की दात्रीने मोरीचे पाणी न देता स्वतः नाल्यात उतरून बाटली भरली आणि ती देताना 'हे नेऊन तुमच्या साहेबांना पाजा' असे उद्गार काढले.

दात्रीचे नाव गुप्त ठेवलेले होते. ते गुप्त ठेवण्याची काही गरज नव्हती.

"त्रिशलाआजी!" ईशानी उठून बसू पाहत ओरडली. "दुसरं कोण असणार!"

संस्थेच्या संग्रहप्रमुख डॉक्टर फिरदौस मुजावर यांनी माझा फोन स्वतः घेतला. मी सांगत गेले, त्या ऐकत गेल्या. हंड्यातल्या पाण्याचे त्यांनी मला दोनदा सांगायला लावले.

"बाई," त्या म्हणाल्या, "आमचं यंत्र बहुमत पाहतं. सगळी गल्ली एक सांगते आणि एकच घर वेगळं सांगतं, तर ते घर चुकलं असं धरतं. गल्लीच सभ्यपणानं वागली असेल, हे आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं."

"आता तो फेज पाठवा."

"लगेच नाही पाठवू शकत. खोट्या जागेची नोंद झालेला फेज रुग्णाच्या रक्तात सोडला आणि काही झालं, तर? संशय काढायचा नियम आहे. मूळ दात्रीनं जागा दाखवायची, तिथलं ताजं पाणी आमच्या माणसांसमोर स्वतः भरायचं. त्यात तोच फेज निघाला, तर मी रविवारी कुपी पाठवते. मिरजेच्या केंद्रातली माणसं उद्या सकाळी यंत्र घेऊन वाघोशीत येतील. दात्री तयार होईल ना?"

मी होय म्हणाले. ते उत्तर माझ्या हातात नव्हते.

त्रिशला माझी धाकटी जाऊ. माझे यजमान, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते नगराध्यक्ष असताना तिने त्या नाल्याचा फोटो वर्तमानपत्रात छापून आणला होता, शेजारी स्वतःच्या नावा-आडनावासकट. पाटलांच्या घरातल्या बाईने पाटलांच्याच कारभारावर चव्हाट्यावर बोट ठेवले. साहेबांनी तिला एक शब्दही विचारला नाही, पण त्या दिवसापासून ते जेवताना बोलेनासे झाले होते. मी तिचे नाव टाकले. साहेब गेले, माझे धाकटे दीर गेले, तरी आम्ही दोघी एका गल्लीच्या दोन टोकांना राहून बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरातही, वेगवेगळ्या वेळी जात होतो.

शनिवारी सकाळी मी तिच्या दारात उभी राहिले. ती ओट्यावर विळी घेऊन कैऱ्या फोडत होती. तिने मान वर केली नाही.

"या, जाऊबाई. पत्ता बरा सापडला."

"ईशानीचे कळले असेल तुला."

"कळलं. भाजीवालीनं सांगितलं. घरच्यांपैकी कोणाला सवड झाली नाही." विळीवर कैरी खटकन दुभंगली. "आधी तिच्याकडून ऐकलं पोरगी पडली. मग परवा तिच्याकडूनच ऐकलं पाय काढणार. तिचा भाव महाग असतो, पण बातमी ताजी असते."

"वर्तमानपत्रात जाण्याआधी तू घरी यायला हवे होतेस. मी आजही तेच म्हणेन."

"घरी आले असते तर तुम्ही चहा केला असतात आणि विषय बदलला असतात."

"केला असता."

"म्हणूनच नाही आले."

वाद घालायला वेळ नव्हता. संस्थेची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलेली मला दिसत होती. मी पायरी चढून तिच्या समोर, तिच्यापेक्षा खालच्या बाजूला बसले.

"त्रिशला, मी मागायला आले आहे."

तिचे हात थांबले. मी कधी कोणाकडे काही मागितलेले तिने पाहिले नव्हते.

"काय मागायला?"

"पाणी. त्या पुण्याच्या लोकांना दिलेस तसले."

तिला समजायला क्षणभर लागला. मग मी तिला सगळे सांगितले: हंड्यातले पाणी, लाल नोंद, सोमवार. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला, आणि तरी तिची जीभ ती जीभच राहिली.

"गाळून देऊ?"

"नको. तसेच दे."

ती विळी सोडून उठली. "त्या कैऱ्या झाका तेवढ्या. माश्या बसतील," असे मला फर्मावून ती चप्पल घालून पायऱ्या उतरलीसुद्धा. मी कैऱ्या झाकल्या आणि तिच्यामागून गेले.

नाल्यावर आता बऱ्याच ठिकाणी फरशा पडल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी आपण कुठून उतरलो ते त्रिशलेला नेमके आठवत होते: बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागे, जिथे फरशी खचली आहे तिथून. संस्थेच्या मुलीने तिला हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले. उतार निसरडा होता आणि सत्तरीची बाई एकटी उतरू शकली नसती.

"मला पण बूट दे," मी त्या मुलीला म्हणाले.

"आजी, एकच जोड आणलाय."

मी साडी खोचली आणि चपलेसकट उतरले. त्रिशलेचा डावा हात मी धरला. ती वाकली. घाण माझ्या घोट्यांच्या वर आली. आजूबाजूच्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

"अगं बाई! अक्का, साडी!" सुलोचना वरून ओरडली.

"साडी धुता येते, सुलोचना. तूही बाटली घेऊन खाली ये, मोरीचे पाणी भरून आण. तुम्ही सगळ्या आणा. आणि या खेपेला कोणी उकळलंत तर माझ्याशी गाठ आहे!"

"वाळा पण नको," त्रिशला वाकल्या वाकल्या म्हणाली.

मला हसू आले. तिचा हात माझ्या हातात होता, तेव्हा ते तिला कळले असणार. बाटली भरली तरी वर येईपर्यंत तिने तो सोडला नाही.

यंत्र जेवणाच्या डब्याएवढे होते. दुपारभर ते गाडीत घुमत राहिले आणि उन्हे कलता कलता मुजावरबाईंचा फोन आला. तोच फेज. सहा वर्षांत काही अक्षरे बदललेली, पण घराणे तेच. लाल नोंद त्यांनी स्वतः पुसली.

रविवारी कुपी आली. देवरुखकरांनी सोमवारची शस्त्रक्रिया पुढे ढकलली. "रद्द नाही केलेली, आजी," असे बजावून त्यांनी ते औषध जखमेत आणि शिरेत सोडले. पहिले दोन दिवस ताप उलट चढला. त्रिशला आणि मी खाटेच्या दोन बाजूंना बसून होतो आणि एकमेकींच्या चुका काढत होतो: पाण्याची घडी कशी ठेवावी, पेज किती पातळ असावी.

"आजी," ईशानी ग्लानीतून म्हणाली, "माझ्या पायात त्या फेजनी करोडो जीव मारले असतील. आपल्या धर्माचं काय?"

"मी कोणाला मारायला सांगितलेले नाही. मी फक्त पत्ता दिला."

"पत्ता मी दिला," त्रिशला म्हणाली.

मग ताप उतरू लागला. देवरुखकर जखम पाहून गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी शस्त्रक्रियेच्या फळ्यावरचे ईशानीचे नाव माझ्यादेखत पुसले. हाड भरायला पावसाळा गेला. पाय पूर्वीइतका सरळ नाही, थंडीत दुखतो, पण तो तिचा आहे आणि ती त्याच्यावर उभी राहून ड्रोन उडवते.

संस्थेनेही आपले यंत्र सुधारले. आता एखाद्या वस्तीचे सगळे नमुने फारच एकसारखे आणि स्वच्छ निघाले, तर शोधपट्टीखाली सूचना येते की येथे पुन्हा जाऊन विचारावे. तसे पुन्हा विचारल्यावर राज्यभरातून किती गल्ल्यांनी पाहुण्यांना उकळलेले पाणी दिले होते, ते ऐकून मुजावरबाई फोनवर हसत सुटल्या. त्या नव्या बाटल्यांतून आजवर माहीत नसलेले फेज निघत आहेत. ज्या जंतूंपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते, त्यांतल्या कित्येकांचे खाणारे आता सापडले आहेत. आमच्या नाल्यातला फेज तर नांदेडपर्यंत जाऊन आला. तिथल्या एका बाळंतिणीचा जीव त्याने वाचवला, असे त्यांनी सांगितले.

मार्गशीर्षात एकदा ईशानी टॅब नाचवीत स्वयंपाकघरात आली. "आजी, तुझं नाव संस्थेच्या साइटवर आहे."

"माझे? कशासाठी?"

"शोधून बघ."

मी शोधपट्टीत माझे नाव लिहिले. पहिलीच नोंद आली. फेज: वाघोशी राजमती. अधिवास: सांडपाण्याचा नाला. खाली टीप होती की फेजला नाव देण्याचा हक्क मूळ दात्रीचा असतो आणि तिने तो बजावला आहे.

मी तशीच पदर खोचून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेले. त्रिशला चुलीपाशी भाकरी थापत होती.

"गटारातला विषाणू! आणि त्याला माझे नाव!"

"तुम्ही उतरलात ना गटारात. मी बूट घालून उतरले होते."

"हे बदलून घे. आजच्या आज."

"अर्ज करा," तिने भाकरी उलटली. "त्यांच्या साइटवर सोय आहे. पण मूळ दात्रीची संमती लागते, आणि ती मी देणार नाही."

"तुझे स्वतःचे नाव का नाही दिलेस?"

तिने भाकरी तव्यावरून काढून आरावर टाकली. "माझं एकदा छापून आलंय," ती म्हणाली. "आता तुमचं येऊ दे. चांगल्या कामासाठी आलंय, जाऊबाई. नांदेडला त्या बाळंतिणीच्या घरी घेतात म्हणे रोज."

खिडकीबाहेर ऊन पिवळे पडू लागले होते. दिवस मावळल्यावर आम्ही जेवत नाही. तिने न विचारता दुसरे ताट काढले, भाकरीवर तुपाचा गोळा ठेवला, आणि मी काय करते ते पाहत उभी राहिली.

मी हात धुतले आणि बसले.